वकीलही पारखून घ्यावा

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपले वाडवडील सांगत आले. म्हण काही खोटी नाही. पण मैत्रिणींनो, कधी कधी पायरीच आपल्या दारात येऊन उभी राहते, त्याला काय करायचे? घरातल्या कर्त्या माणसाचा हात यंत्रात जातो, पाय ट्रकखाली येतो, आणि दवाखान्याचे बिल हातात पडायच्या आधीच कुणीतरी विचारते, "वहिनी, वकील कोण केलाय?" त्या क्षणी आपल्याला डॉक्टरचे नाव सुचते, देवाचे सुचते, वकिलाचे काही सुचत नाही.

साधे पातळ घ्यायचे तर आपण चार दुकाने हिंडतो. पोत बघतो, काठ बघतो, रंग जाईल का म्हणून दुकानदाराला दहादा विचारतो. दागिना घडवायचा तर सोनार आजीच्या वेळचा असावा लागतो. आणि ज्याच्या हाती घराची पुढची वीस वर्षे द्यायची, तो वकील मात्र शेजारच्यांच्या मेहुण्याने सांगितला म्हणून ठरतो! हे काही बरे नव्हे. वकीलसुद्धा पारखून घ्यायला हवा, आणि ते काम आपण बायका चांगले करू शकतो, असे माझे मत झाले आहे. ते का झाले, तेच आज सांगते.

आमचे धाकटे भाऊजी महाप्याच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या गाळ्यात पॉवर प्रेसवर कामाला होते. सगळे मिळून सात कामगार. २०२२ च्या ऑगस्टमध्ये प्रेस अवेळी खाली आली आणि उजव्या हाताची चारही बोटे गेली. अंगठा तेवढा वाचला. वय पस्तीस, पगार अठरा हजार, पदरात दोन मुली. धाकट्या जावेने आठ दिवस डोळ्याला डोळा लावला नाही.

मालक आमच्याच तालुक्यातला. दवाखान्याचा खर्च त्याने केला, हे खरे. पंधराव्या दिवशी तो घरी आला तो स्टँप पेपर घेऊनच. दीड लाख रुपये रोख, आणि वर "पूर्ण व अंतिम, पुन्हा काही मागणे नाही" अशी सही. सासूबाई म्हणाल्या, "गावचा माणूस आहे, त्यानंच नोकरी दिली. त्याच्याशी कोर्टकचेरी करायची?" हे गप्प. भाऊजी तर स्वतःच्या हाताकडे बघायलाही तयार नव्हते. जाऊबाई माझ्याकडे बघत होत्या. मी एवढेच म्हटले, "सही उद्या करू. आज नको." आमच्या घरात त्या एका "उद्या"वरून पुढे महिनाभर धुसफूस चालली. सासूबाईंचे म्हणणे मी टाकाऊ समजत नाही. गावाकडे तोंड दाखवायचे असते, धाकट्या नणंदेचे लग्न व्हायचे असते. पण दीड लाख हा आकडा आला कुठून, हे तरी कुणाला विचारायला नको का? भाजीवालीलासुद्धा आपण विचारतो, "हा भाव कसा लावलास गं?"

आम्ही तीन वकील पाहिले. तिघांच्या गोष्टी सांगते, म्हणजे पारख कशाची करायची ते आपोआप कळेल.

पहिले वकील आम्ही शोधले नाहीत, त्यांनीच आम्हाला शोधले. म्हणजे त्यांचा माणूस दवाखान्याच्या दारात उभा होता. "ताई, एक पैसा द्यायचा नाही. मिळेल त्यातले तीस टक्के आमचे." ऐकायला किती गोड! त्याने वकीलपत्र पुढे केले आणि दोन कोरे कागदही. "पुढे लागतात," म्हणाला. मैत्रिणींनो, हे नीट लक्षात ठेवा. निकालावर अवलंबून असलेली फी ठरवणे किंवा मिळालेल्या रकमेत वाटा मागणे वकिलाला मना आहे. भारतीय विधिज्ञ परिषदेचे नियमच तसे आहेत. गिऱ्हाईक गोळा करायला माणसे पेरणे हेही त्यात बसत नाही. जो पहिल्याच भेटीत आपल्या व्यवसायाचा नियम मोडतो, तो आपला शब्द पाळील कशावरून? आणि कोऱ्या कागदावर सही म्हणजे परक्याच्या हाती घराची किल्ली.

दुसरे वकील मोठे नावाजलेले. वातानुकूलित कचेरी, भिंतभर पुस्तके. वागायला सज्जन. पण त्यांचे सारे काम जमिनीचे. आपल्या नवी मुंबईत सिडकोने गावकऱ्यांच्या जमिनी घेतल्या, त्यातून साडेबारा टक्के योजनेचे किती दावे निघाले ते तुम्हाला ठाऊकच आहे. त्यात त्यांचा हात धरणारे कोणी नसेल. पण मी विचारले, "कामगाराच्या अपघाताचा दावा शेवटचा कधी चालवलात?" तेव्हा ते हसून म्हणाले, "आमचा ज्युनियर बघेल ना." त्या ज्युनियर मुलाने भाऊजींच्या कारखान्यात किती माणसे आहेत हे शेवटपर्यंत विचारले नाही. आपण बाळंतपणाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जातो का? तो कितीही मोठा असला तरी?

तिसऱ्या वकीलबाई ठाण्याच्या. जिन्याखालची दोन खोल्यांची कचेरी, बाकावर आमच्यासारखीच माणसे. त्या रोज कामगार न्यायालयात उभ्या राहणाऱ्या. आपल्या राज्यात कामगार न्यायालयाचे न्यायाधीशच अशा दाव्यांत नुकसानभरपाई आयुक्त म्हणून काम पाहतात, म्हणून तिथली रोजची वहिवाट महत्त्वाची. त्यांनी आधी आश्वासन दिले नाही, प्रश्न विचारले. अपघाताची तारीख कोणती? पगाराची चिठ्ठी आहे का, की पगार रोख मिळायचा? वयाचा दाखला? कारखान्यात माणसे किती? पगारातून ईएसआय कापले जायचे का? पोलिसांनी पंचनामा केला का? आणि मालकाने कामगारांचा विमा काढलाय का?

यातला प्रत्येक प्रश्न का, तेही त्यांनी समजावले. मी घरी येऊन वहीत उतरवून ठेवले. तेच इथे देते.

सर्वांत आधी ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा. दहा किंवा अधिक माणसांच्या कारखान्याला ही योजना लागू होते आणि २०१७ पासून महिना एकवीस हजारांपर्यंत पगार असलेले कामगार तिच्यात येतात. तुमच्या यजमानांचे ईएसआय कापले जात असेल, तर अपघाताची भरपाई मालकाकडून नव्हे, महामंडळाकडून मिळते. दोन्हीकडून मागता येत नाही. काम बंद असेतो पगाराच्या नव्वद टक्के, आणि कायमचे अपंगत्व आले तर वैद्यकीय मंडळ ठरवील त्या टक्केवारीप्रमाणे दरमहा रक्कम, तीही जन्मभर. तिथे सुरुवातीला वकिलाची गरजही नसते. अपघाताची नोंद, डॉक्टरांचे दाखले आणि चिकाटी पुरते. मंडळाने टक्केवारी कमी धरली असे वाटले, तर अपील करता येते. त्याची मुदत थोडी असते. वकील लागला तर तो त्या टप्प्यावर. म्हणून जो वकील "ईएसआय आहे का" हे न विचारताच दावा ठोकायला निघतो, त्याला लांबूनच नमस्कार करावा.

आमच्या गाळ्यात माणसे सातच, म्हणजे ईएसआय नाही. मग १९२३ चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा. हा कायदा इंग्रजांच्या वेळचा. पूर्वी त्याला कामगार नुकसानभरपाई कायदा म्हणत. त्याचे गणित आपल्या स्वयंपाकाच्या मापासारखे ठरलेले आहे. कायमचे संपूर्ण अपंगत्व असेल तर मासिक पगाराचे साठ टक्के घ्यायचे आणि वयाप्रमाणे ठरवलेल्या आकड्याने गुणायचे. पगार कितीही असला तरी २०२० पासून हिशेबात पंधरा हजारच धरतात. पस्तिसाव्या वर्षाचा आकडा १९७.०६. नऊ हजार गुणिले १९७.०६ म्हणजे सतरा लाख त्र्याहत्तर हजार पाचशे चाळीस. हे झाले शंभर टक्क्यांचे. एका हाताची चारही बोटे गेली तर कायद्याच्या परिशिष्टात पन्नास टक्के लिहिले आहेत, म्हणजे आठ लाख शहाऐंशी हजार सातशे सत्तर. वकीलबाईंनी हे आमच्या समोर कागदावर मांडले. जाऊबाई त्या कागदाकडे नुसत्या बघत राहिल्या. दीड लाखाच्या स्टँप पेपरला गावकीचा मान ठेवून सही झाली असती, तर सव्वासात लाखांहून जास्त रक्कम दोन मुलींच्या ताटातून गेली असती.

आणि खरे सांगायचे तर त्या सहीलाही फारसा अर्थ नसतो. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार हा कायदा मानत नाही, आणि परस्पर केलेली तडजोड आयुक्तांकडे नोंदवावी लागते. कामावर मृत्यू झाला, तर मालकाने भरपाईची रक्कम थेट विधवेच्या हातात ठेवून मोकळे व्हायचे नाही, ती आयुक्तांकडेच जमा करायची, असा दंडक आहे. हा नियम आपल्यासारखीसाठीच केलेला आहे हो. दुःखाच्या भरात बाई कुठेही अंगठा उठवील, हे कायदा करणाऱ्यांनी ओळखले होते. कुणी तुमच्या घरी असा कागद घेऊन आले, तर चहा द्या, पाणी द्या, सही मात्र देऊ नका.

आता शंभर टक्के की पन्नास? इथे वकिलाची खरी परीक्षा. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९७५ मध्ये ओरिसातल्या एका सुताराचा निकाल दिला होता. सिनेमागृहात नक्षीकाम करताना तो पडला आणि त्याचा डावा हात कापावा लागला. मालक म्हणे, हे अंशतः अपंगत्व. न्यायालयाने म्हटले, सुतारकाम एका हाताने होत नाही, म्हणजे त्याच्या धंद्यापुरते हे संपूर्णच अपंगत्व. मुद्दा असा की डॉक्टरच्या दाखल्यावरची टक्केवारी वेगळी आणि कमाईची हानी वेगळी. बोट गेले तर कारकुनाचे अडते थोडे, तबलजीचे सगळेच अडते. चांगला वकील माणसाचे काम काय होते ते आधी विचारतो. आमच्या वकीलबाई भाऊजींना म्हणाल्या, "प्रेसवर दिवसभर तुम्ही काय काय करायचात ते सगळं सांगा." इतक्या दिवसांत भाऊजी पहिल्यांदा पाच मिनिटे सलग बोलले.

पण त्याच बाईंनी हेही स्पष्ट सांगितले, "मी शंभर टक्के मागीन. मिळतील असं मी सांगणार नाही. पन्नास तर परिशिष्टातच आहेत." मला त्यांचे हे वाक्य सर्वांत आवडले. जो वकील "नक्की जिंकू" म्हणतो, त्याच्यापेक्षा "इथे आपली बाजू लंगडी आहे" असे सांगणारा बरा. लंगडी बाजू आपल्याला आधी कळली तर काठी शोधता येते. आमची लंगडी बाजू पगाराची होती, कारण पगार रोख, चिठ्ठी नाही. त्यांनी भाऊजींच्या दोघा सोबत्यांची साक्ष आणि बँकेच्या पुस्तकात दरमहा भरलेली रक्कम यांचा मेळ घातला. विमा कंपनीलाही दाव्यात पक्षकार केले. गाळेवाल्या मालकाकडे लाखोंची रक्कम कुठून यायची? पण त्याने विमा काढलेला होता. हे कळल्यावर सासूबाईंचा विरोधही मावळला. गावच्या माणसाचे घर मोडायचे नव्हते, विम्याच्या कंपनीकडून हक्काचे घ्यायचे होते.

फीबद्दलही आम्ही तोंडावर बोललो. आपल्याकडे पैशाचे बोलायला संकोच वाटतो. मग मागाहून मनात कुढायचे! त्यांनी एकूण आकडा सांगितला, तीन टप्पे सांगितले, प्रत्येक वेळी पावती दिली. वर म्हणाल्या, "परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणात जा, तुम्हाला वकील फुकट मिळेल." हे फार जणींना ठाऊक नसते म्हणून मुद्दाम लिहिते. १९८७ च्या कायद्याने स्त्रिया, मुले, अपंग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना सरकारी खर्चाने वकील मिळतो, आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. म्हणजे दावा यजमानांचा असो की तुमचा, दार उघडे आहे. ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतचा भाग ठाणे जिल्ह्यात येतो, तर खारघर, कळंबोली, पनवेल रायगड जिल्ह्यात. त्याप्रमाणे जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या न्यायालयात जाऊन विधी सेवेचे कार्यालय विचारावे. १५१०० हा फोन नंबरही त्यासाठीच आहे. फुकटचा वकील म्हणून त्याला प्रश्न विचारायचे नाहीत असे मात्र नाही. पारख तिथेही करायची. आणि यजमान एखाद्या नोंदणीकृत युनियनचे सभासद असतील, तर आधी युनियनच्या कचेरीत विचारा. त्यांचे पदाधिकारीही आयुक्तांपुढे कामगाराची बाजू मांडत आले आहेत.

एकदा केलेला वकील बदलता येतो का? येतो. आपण काही सप्तपदी घातलेली नाही. तारखेला येत नाही, फोन उचलत नाही, कागदाची प्रत देत नाही, असे झाले तर त्याची ना-हरकत घेऊन दुसरा करता येतो. "फी द्या, मगच कागद देतो" असे म्हणून दाव्याचे कागद अडवून ठेवायचा हक्क वकिलाला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली सांगून टाकले आहे. तरीपण मूळ कागद आपल्या घरच्या पेटीतच ठेवावेत. वकिलाला प्रती द्याव्यात. मी एक जुनी पातळाची पेटी त्यासाठीच रिकामी केली. दवाखान्याची कागदपत्रे, पंचनामा, शाळा सोडल्याचा दाखला, फीच्या पावत्या, आणि वहीत प्रत्येक तारखेला काय झाले त्याची एक ओळ. वाणसामानाचा हिशेब ठेवणाऱ्या बाईला हे काही जड नाही.

आमचा निकाल २०२५ च्या सुरुवातीला लागला. शंभर टक्के मिळाले नाहीत, पन्नास मिळाले. त्यावर वर्षाला बारा टक्के व्याज. सगळे मिळून साडेअकरा लाखांच्या घरात रक्कम झाली. बोटे काही परत आली नाहीत. भाऊजी आता डाव्या हाताने लिहायला शिकले आहेत, आणि एका गोदामात आवकजावक नोंदवतात. पगार पूर्वीपेक्षा कमी. पण मुलींच्या नावाने बँकेत ठेव आहे आणि जाऊबाईंना रात्री झोप लागते. गावच्या जत्रेत मालक भेटला, तोही बोलला. आभाळ काही कोसळले नाही.

एक सूचना मात्र द्यायला हवी. भाऊजींचा अपघात २०२२ चा, म्हणून त्यांचा दावा जुन्या कायद्याने चालला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे, आणि १९२३ चा नुकसानभरपाईचा आणि १९४८ चा ईएसआयचा, असे दोन्ही कायदे तिच्यात सामावले आहेत. पगाराचे साठ टक्के आणि वयाचा आकडा ही हिशेबाची रीत राहिली आहे. तेव्हा वकिलाला भेटाल तेव्हा विचारा, "आमच्या अपघाताच्या तारखेला कोणता कायदा लागू?" याचे सरळ उत्तर जो देऊ शकत नाही, त्याने हे काम अलीकडे केलेले नाही, असे खुशाल समजा. आणि दिवस घालवू नका. जुन्या कायद्यात दावा करायला अपघातापासून दोन वर्षांची मुदत होती. दवाखाना, दुखणे, नातेवाईक यांत दोन वर्षे कशी जातात ते कळतसुद्धा नाही.

सरकारी अपंगत्वाचा दाखला, संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज, या कामांना वकील करू नका. दाखला सरकारी रुग्णालयात मिळतो, अर्ज तहसील कचेरीत होतो. तिथे पैसे मागत फिरणारे "वकीलसाहेब" बहुधा वकील नसतातच. सनद पाहायला मागितली की पळतात. आणि खऱ्या वकिलाला सनदेचे विचारले, तर त्याला राग येत नाही.

देव करो आणि तुमच्यापैकी कुणावर ही पाळी न येवो. पण आली, तर घाबरून पहिल्या भेटलेल्या माणसाच्या हाती घर देऊ नका. दोघा-तिघांना भेटा. कोण प्रश्न विचारतो, कोण नुसतीच आश्वासने देतो, हे बघा. हिशेब कागदावर मागा. घरातले पुरुष संकोचत असतील तर तुम्ही विचारा. आपण बायका पातळाचा रंग उन्हात धरून बघतो ना, तसाच वकीलही उजेडात धरून बघावा.